गाठ चुकली

भाग्यवंत सर म्हणाले, सामाजिक प्रश्नावर तीनशे शब्द लिहा,
शब्द जमत नसतील तर चित्र काढा,
पण स्वतःचं. गाइडमधलं नको.
मग पिशवीतून त्यांनी जुनी कात्रणं काढली,
पिवळी, घडीवर फाटलेली,
धोतराचा सोगा सावरत खुर्चीला चिकटलेले पुढारी,
आणि प्रत्येक चित्राला एकच विचारलं :
यात सगळ्यात लहान कोण काढलाय?

हुमेरानं भद्रकालीतला नळ लिहिला.
पहाटे साडेतीनला येतो, सव्वाचारला जातो.
पाण्याच्या आवाजासाठी अर्धा तास शब्द शोधला
आणि शेवटी लिहिलं, खोकतो.
सुरगाण्याच्या मनोहर भोयेनं वसतिगृहाची आमटी लिहिली,
तिच्यात आपला चेहरा दिसतो म्हणाला.
वर्ग हसला. तो नाही.

मी त्रिमूर्ती चौकातला फलक काढला.
वाढदिवस, गॉगल, कडं,
भावी नगरसेवक,
गेली अकरा वर्षं भावी.
सिग्नलचा लाल दिवा त्याच्या कानामागे गेलेला.
दात मी अडतीस काढले.
खाली शुभेच्छुकांची तिकिटाएवढी तोंडं
आणि कडेला शिडीवर, पाठमोरा, दोरी बांधणारा एक माणूस,
करंगळीच्या नखाएवढा.

भित्तिपत्रकासमोर गर्दी झाली. दातांवर हसली.
संध्याकाळपर्यंत चित्र सिडकोभर फोनांतून फिरलं
आणि दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी बोलावलं.
खुर्ची दिली, पाणी दिलं,
म्हणाले, दात जरा कमी करता येतील का?
किती, सर?
त्यांनी खरंच विचार केला.
बत्तीस.

शिडीवरच्या माणसाबद्दल कुणीच विचारलं नाही.

पाठमोरा काढला, कारण मला तेवढाच येतो.
रात्री एकला पप्पा निघतात,
एका खांद्यावर शिडी, दुसऱ्यावर गुंडाळलेले साहेब,
उजाडताना येतात,
हाताला शाईचा वास, आणि भिंतीकडे तोंड करून झोपतात.
अंबडच्या आमच्या खोलीमागे
न्हाणीघराला जुनी फ्लेक्सं लावली आहेत,
छापील बाजू बाहेर.
आई म्हणाली, आंघोळीच्या वेळी
कुणी हात जोडून बघायला नको.

पप्पांना चित्र दाखवलं तेव्हा पोटात गोळा होता.
त्यांनी दोन बोटांनी मोठं केलं,
दात नाही, शिडी.
बराच वेळ पाहिलं.
म्हणाले, गाठ चुकली.
अशी बांधली तर गंगापूर धरणाकडून वारा सुटला
की फलक थेट कुणाच्या तरी स्कूटरवर.
मग माझ्या बुटाची लेस काढून
टेबलाच्या पायाला बांधून दाखवली,
एक वेढा, खालून, परत वरून.
ओढली की आवळते,
आणि आपल्याला सोडवायची असली
की या एका टोकानं सुटते. बघ.

त्या रात्री हट्टानं शिडी धरायला गेले.
चौक रिकामा. एक कुत्रं, एक बंद रसवंती.
साहेब हनुवटीकडून उलगडत गेले,
ओठ, मग दात,
मोजले, तर खरंच बत्तीसच.
मुंबईकडं जाणाऱ्या ट्रकचा उजेड वर गेला
आणि मला पहिल्यांदा कामावरचे पप्पा दिसले :
गाठ मारताना
जीभ दातांत धरलेली, डाव्या कोपऱ्यात.
चित्र काढताना माझी असते, तशीच.
हुमेरा त्यावरून मला चिडवते.

आता चित्र पुन्हा काढतेय.
दात बत्तीस. गाठ बरोबर.
चेहरा आपल्याकडं वळवू का, विचारलं त्यांना.
शिडी अंगणात टेकवत ते म्हणाले,
आत्ता नको,
मागच्या दोन फलकांचे पैसे यायचेत अजून.