हातचा एक

सायकल दुरुस्तीच्या दुकानावरची ती खोली
महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी आमची.
खालून रबराच्या सोल्युशनचा वास चढतो वर,
आणि खिडकीत ते रुंद तपकिरी पाणी,
ज्याला मोंतेविदेओत नदी म्हणावं की समुद्र
हा वाद अजून मिटलेला नाही.

पाच खुर्च्या, पाच जण.
सहकारी दुकानांचे, छोट्या दवाखान्यांचे हिशेब ठेवणारा
एक प्रोग्रॅम आम्ही सांभाळतो.
कुणीही न्यावा, उघडून बघावा,
मोडका आढळला तर जोडून परत द्यावा.
सांभाळतो म्हणजे रात्री,
भांडी घासून झाल्यावर.

माते पाजायचा मान बिदेगाइनचा.
पाजणाऱ्याने पहिला घोट स्वतः घ्यायचा,
तो सगळ्यात कडू असतो.
मग भोपळा फिरतो. नळी एक, तोंडं पाच.
अठरा वर्षांत त्याने तो पहिला घोट
एकदाही कुणावर ढकलला नाही.
हे आधी लिहून ठेवते,
कारण पुढचं लिहायचं आहे.

विषय तिसरा: बंदराजवळच्या कंपनीने पाठवलेला कोड
आत घ्यावा का.
कोड चांगला होता, हीच अडचण.
वाईट असता तर नाइरने दोन ओळींत वाटेला लावला असता.
चांगला होता. फक्त त्यातली एक वाट
हळूच वळून
कंपनीच्याच दाराशी जात होती.

दार्विनने विचारलं, नळी ओठांतून काढून, सहज:
“तुला ते पैसे देतात ना, मार्चपासून?”
“सल्ल्याचे,” बिदेगाइन म्हणाला.
मग म्हणाला, “थोडे.”
मग थर्मासचं झाकण घट्ट केलं,
जे आधीच घट्ट होतं.

हात वर झाले. तीन विरुद्ध दोन.
तिसरा हात त्याचा.

मी चौथीच्या मुलांना बेरीज शिकवते.
आठ आणि सात पंधरा, पाच लिहा, हातचा एक.
इथली पोरं तो मोठ्याने म्हणतात:
एक मी बरोबर नेतो.
नेतात, आणि पुढच्या घरात टाकायला विसरतात.
उत्तर चुकतं,
पण वहीत दिसतं मात्र देखणं.

जिन्यात ओफेलिया म्हणाली, कुंपणानेच शेत खाल्लं.
मी हो म्हटलं.
पण बसमध्ये बसल्यावर ते कुंपणच डोळ्यांपुढे.
अठरा हिवाळे उभं.
शेताने एकदाही विचारलं नाही त्याला,
बाबा रे, तू जेवलास का?

रात्री इतिवृत्त उघडलं.
‘हितसंबंध’ असा एक रकाना आहे त्यात,
मीच आखलेला, वर्षानुवर्षं कोरा.
म्हटलं, सुरुवात स्वतःपासून करू.
पगार: भोपळा.
शेअर: नाही.
नातेवाईक: नाही.
आणि पेन अडलं.

माझा हात विरोधात गेला होता.
नियमासाठी गेला, असं मीच मला सांगत होते.
पण तो कोड आत आला असता
तर माझ्या दोन हजार ओळी बाहेर पडल्या असत्या,
आई हॉस्पिटलात असताना
तिच्या उशाशी बसून लिहिलेल्या.
त्या आता कामाच्या नाहीत, ठाऊक आहे मला.
त्यांच्यात एक चूक आहे, तीही ठाऊक आहे.
ती मी आजवर कुणाला दाखवलेली नाही.

फुकट केलेल्या कामाचंही व्याज चढत असतं,
कुठल्याच खात्यात न दिसणारं.

तर लिहिलं:
मतदान पुन्हा घ्यावं.
त्या वेळी दोघांनी खोलीबाहेर थांबावं,
बिदेगाइन आणि ही ओळ लिहिणारी.

निकाल बदलणार नाही. मी करून पाहिलं.
दोन विरुद्ध एक, कोड आत येणार,
माझ्या ओळी जाणार.
तरी गणित पुन्हा मांडायचं.

जिन्यात गारठा असतो, खाली कुणीतरी
टायरमध्ये हवा भरत असतं.
थर्मास तो आणेलच.
त्याने भोपळा भरला
की पहिला घोट, या खेपेला,
मी मागणार आहे.