तक्रारीत तथ्य आढळले नाही

नौपाड्यात, मिक्सर-दुरुस्तीच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर
मला चप्पल काढून झोपवलंय.
छताला दोन ट्यूब. एक कडेला काळी पडलीय, फुरफुरतेय.
अशी ट्यूब दिसली की मी स्टूल मागतो.
आज पडून राहिलो.

दर्शना भोईर, असेल चोवीसची,
पायाला गार जेल लावते, घोट्यावर पट्टी बांधते.
"ही कशाला?"
"अर्थिंग, काका."
हिरवी वायर. बरोबर आहे.
परक्या गावात ओळखीचं कुणी भेटावं तसं वाटलं.

मग झटका. पायाचा अंगठा
मला न विचारता उडाला.
तिने टेप लावली, पेनाने फुली मारली,
गुडघ्यामागे पुन्हा झटका.
अंतर भागिले वेळ.
हे तर आम्ही वागळे इस्टेटच्या फुटपाथवर करतो,
खाली केबल कुठे जळली ते शोधायला.
फक्त केबलला पोरगी नसते बारावीत.

चार महिने झाले, डावी पोटरी लवते.
डोळा लवला की आई म्हणायची, पाहुणा येणार.
पोटरी लवली की कोण येतं
ते मी रात्री अडीचला मोबाईलवर वाचलंय.
त्याचं नाव शालनसमोर घेत नाही.
तिच्या शिलाईच्या टेपने पोटऱ्या मोजतो:
डावी पाव इंच कमी.
पुन्हा मोजतो: उजवी कमी.
जिभेवर टॉर्च मारतो, आरशात.
स्वयंपाकघरात चवड्यांवर उभा राहतो, वीस मोजेपर्यंत,
आणि एकदा अकराला तिने दिवा लावला.
"डबा शोधताय?"
"हो."
तिने चिवडा काढून दिला.
उभ्या उभ्या खाल्ला.
गिळता येतंय ना, तेही पाहून घेतलं.

डॉक्टर कोचरेकरांनी पोटरीत सुई घातली.
यंत्राला स्पीकर आहे.
"पाय सैल सोडा."
सोडला.
"सोडा हो, गावंड."
सोडलाच होता. एवढाच सुटतो.
"बरं, पंजा खाली दाबा."
आणि आत चरचरलं.
दमट हवेत खांबावरचा सैल जंपर
चरचरतो ना, तसं.
आमच्यात हा आवाज म्हणजे लाईन बंद करा, शिडी लावा.
"छान," डॉक्टर म्हणाले. "आता सैल."
काहीच नाही.
खालच्या दुकानात कुणी मिक्सर फिरवून बघत होतं,
तेवढंच.
"हे काहीच नाही, हे चांगलं?"
"हेच हवंय."

नऊ जागी सुई. नऊ वेळा काहीच नाही.
रिपोर्टात खाली एक वाक्य, त्याखाली सही.
जिन्यात तीनदा वाचला.
वंदना डेपोपर्यंत पाय माझे होते.
तिथे सिग्नलला उभा राहिलो आणि पोटरी लवली.
सुई होती तेव्हा कुठे होतीस गं?

त्या वाक्याची भाषा ओळखीची वाटत होती.
रात्री आठवलं, किसननगर, वेंगुर्लेकरबाई,
तिसरा मजला, लिफ्ट नाही.
म्हणायच्या, बल्ब लुकलुकतो, संध्याकाळी, एकटी असले की.
चारदा गेलो. दोनशे एकतीस व्होल्ट. न्यूट्रल घट्ट. मीटर ठीक.
चारदा रजिस्टरात लिहिलं:
तक्रारीत तथ्य आढळले नाही.
त्यांची सहीसुद्धा घेतली, त्याच्याच खाली.

आज गेलो. ड्यूटी नव्हती, टेस्टर नेला नाही.
"मी फोन नव्हता केला," त्या दारातच म्हणाल्या.
"माहितीये. बसतो जरा."
त्यांनी टीव्ही बंद केला, बल्ब लावला.
दोघं वर बघत बसलो.
चहावर साय धरली.
"आत्ता! पाहिलंत?"
मी नेमकी तेव्हा पापणी मिटली असेन.
"पुन्हा होईल," म्हटलं.
आणि खुर्ची थोडी पुढे ओढली.