हृदय नसताना

आरहुसमधल्या त्या तळघराला खिडकी एकच,
तीही रस्त्यावरच्या सायकलींच्या चाकांएवढ्या उंचीवर.
इंगेलिसेने उंदराच्या आतड्यालगतची धमनी
चरबीतून सोडवली, दोन मिलिमीटर कापली
आणि दोन तारांवर चढवली,
बाहुलीला बांगडी भरावी तशी.

कोमट पाणी, मीठ, बुडबुडे.
वरून थेंबभर औषध.
हृदय केव्हाच पिशवीत गेलं होतं,
पिशवीच्या तोंडाला गाठ.

तरी ती हलली.
आवळली, सैलावली, पुन्हा आवळली.
लेखणीने निळ्या शाईत एक टेकडी काढली,
तिच्याशेजारी तशीच दुसरी, तिसरी,
पाटीवर एकच अक्षर गिरवत बसल्यासारखी.

दुसरा थेंब : एक उंच, एक बुटकी.
तिसरा : चार-चारांचे घोळके.
चौथ्यानंतर ठेका सुटला.
सम कुठे, कागदाला कळेना.

थोर्किल्ड जिना उतरून आला, तोंडात घास.
"पंप बिघडलाय," म्हणाला, "नाहीतर नळी गळतेय."
तिने पंप उघडला, नळी बदलली,
स्क्रू पिळला, फ्रिजसुद्धा बंद केला.
धमनी आपल्याच नादात.
"फेकून दे. उद्या नवा उंदीर."

तो गेल्यावर तिने फेकलं नाही.
जमिनीवर उतरलेला कागद गुडघ्यांवर ओढला,
पट्टीने एकेक टेकडी मोजली,
आणि आलेखाच्या वहीत
प्रत्येक उंचीवर तिच्या पुढचीची उंची मांडत गेली.

ठिपके विखुरतील असं वाटलं होतं.
एक इथे पडे, दुसरा पार तिकडे,
पुढचा कुठे, हे सांगणं अशक्य.
पण दीडशेव्या ठिपक्याला
सगळ्यांची मिळून एक कमान दिसू लागली.
कुणी आखली नव्हती.

ग्रेनोच्या बंदरात आई अशीच उभी राहायची.
बाबा कधी येतील? मंगळवारी, शनिवारी,
कधी मासे नासल्यावर.
पण आले की याच धक्क्याला,
तिसऱ्या खुंट्याशी.
एकदा सोडून.

एक ठिपका कमानीच्या बाहेर होता.
तिने टेकडी पुन्हा मोजली. तेवढीच भरली.
मागे चष्मा लावून, मग काढून. तेवढीच.

खोडरबर हाताशी होतं.
सव्वाअकराला तिने बुडबुड्यांचा नळ फिरवला.
लेखणी अजून थोडा वेळ चढत-उतरत राहिली,
आणि शाई ओली असताना
कागदावर बोट ठेवायचं नाही
हे शिकलेली इंगेलिसे
बोट ठेवून बसली.