अंगठा बाहेर

मोफज्जल सुट्टीवर नोआखालीला गेला तेव्हा
किल्ल्या दिल्या, पुसायला एक फाटका बनियन दिला,
आणि होडीत पाय ठेवता ठेवता एवढंच म्हणाला:
रूथआपा, हँडल धरताना अंगठा चार बोटांच्याच बाजूला.
पलीकडून वळवलास आणि इंजिन उलटं फिरलं
तर तो तुझा राहणार नाही.

दवाखान्यामागे पत्र्याची खोली.
तिच्यात हा एका सिलिंडरचा, राजकोटचा.
बैल म्हणवत नाही; बैल निदान ओळख ठेवतो.
रंग हिरवा, जिथे जिथे हात लागतो तिथे लोखंडाचा.
खसबहून दीड तास होडीने यायचं,
तीन बाजूंनी डोंगर, चौथीकडे समुद्र,
गावाचं पॉवरहाऊस खाडीच्या त्या टोकाला
आणि तिथून इथवर वायर एकच.

मी मिरजेला शिकले नर्सिंग.
तिथे कुणी सांगितलं नाही
की डिझेलच्या टाकीलाही घाम येतो.
अर्धी ठेवली तर वरच्या अर्ध्यात हवा,
हवेत समुद्र, सकाळी तळाशी पाणी.
तोटी सैल कर, काचेच्या पेल्यात घे, उजेडात धर.
लघवी तपासतात तसं, मी म्हणाले.
मोफज्जल लाजला.
पाणी खाली, डिझेल वर, मधे एक रेघ,
आमच्या कुठल्याच रिपोर्टात इतकी स्वच्छ रेघ येत नाही.

गुरुवारी अर्धा तास चालवायचं.
रिकामं नाही. एसी लाव, गीझर लाव,
आणखी पेलतंय वाटलं तर ऑटोक्लेव्ह.
भाराशिवाय फिरत राहिलं
तर अर्धं जळतं, अर्धं काळं चिकट होऊन
नळीत बसतं.
हे ऐकताना मी माझ्या इथल्या अकरा वर्षांचा
विचारबिचार केला नाही. खरंच नाही.
भूक लागली होती.

वीज गेली ती जूनमध्ये, शमालच्या तिसऱ्या रात्री, दोनला.
फ्रीजमध्ये गोवर, पोलिओ, धनुर्वात,
दोन ते आठ अंशांच्या बाहेर ज्यांना जगता येत नाही.
वॉचमनचा सालेह टॉर्च घेऊन आला,
त्याच्या बहिणीची बाटली त्यातच, हे त्याला ठाऊक नव्हतं.

लिव्हर वर. फिरव, फिरव, आता वेग आलाय, लिव्हर पाड.
एकदा खोकलं, पांढरा धूर, संपलं.
पुन्हा. या वेळी धूरही नाही.
धूर नाही म्हणजे डिझेल पोचत नाही.
डिझेल पोचत नाही म्हणजे नळीत हवा.
आणि तेव्हा हात आपोआप चालू लागले, कारण
सलाईन लावताना हजारदा केलंय हे.
फिल्टरवरचा नट दहाच्या पान्याने सैल,
आधी नुसता फेस,
मग बुडबुडे, एक मोठा, दोन बारीक,
मग सलग धार, माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत.
बंद.
हँडल सावकाश फिरवलं तर आतून नोझल कुरकुरलं,
दाराच्या बिजागरीसारखं.
पोचलं.

सालेह, टॉर्च हलवू नकोस.
तो हलवत नव्हता. वारा होता, वाळू होती,
किंवा मीच.

एक ठोका.
मग बराच वेळ काही नाही,
इतका वेळ की पोराने धरलेला श्वास सोडला.
मग दुसरा.
मग तिसऱ्याला पत्रा थरथरला, आणि पुढचे मोजले नाहीत.

दिवे आले. फ्रीजचा काटा सातावर.
हँडल काढून ठेवताना मूठ बघितली:
अंगठा पलीकडून वळवलेला, घट्ट,
कपड्यांची पिशवी धरावी तसा.

वहीत लिहिलं: सुरू दोन पन्नास, बंद पाच चाळीस,
डिझेल साडेचार लिटर, तेल ठीक,
हवेच्या फिल्टरमध्ये वाळू, साफ केला.
बाकी लिहिलं नाही.

जुलैच्या शेवटी मोफज्जल परत आला,
आईच्या हातचे मुरमुऱ्याचे लाडू, थोडे चेंगरलेले.
वही समोरच होती, पेनासकट.
त्याने ती उघडली नाही,
आधी माझा उजवा हात बघितला.