राखेचं प्रमाण

विहीर अठ्ठावीस हातांवर गेली तेव्हा
जांभा संपला, पांढरी शेडी लागली,
आणि शेडीखाली लाकूड.
काळं, ओलं, गंधकाचा वास मारणारं.
गड्यांनी ते चुलीत घालून पाहिलं. नुसता धूर.
"भुताचा हाय," म्हणून गडग्यापलीकडे फेकलं.

द्वारका आत्या तेव्हा अकरा वर्षांची.
तिने एक ढलपा परकरात गुंडाळून घरी आणला
आणि मार खाल्ला,
परकर डागाळला म्हणून.

पुढे धनबाद. चौतीस वर्षं.
खाणीत बायकांना उतरायची कायद्यानेच बंदी,
म्हणून एवढी वर्षं कोळशावर राहूनही
ती एकदासुद्धा खाली गेली नाही.
पाळी संपवून वर येणारे तिला ढेकळं आणून देत,
जेवणाच्या रिकाम्या डब्यांतून.
ती ती घासायची, आरशासारखी होईपर्यंत,
तेलाचा एक थेंब, आणि मग भिंगाखाली.
एका ठोकळ्यावर पाचशे ठिपके मोजायचे.
चुकलं की पुन्हा एकपासून.

साहेब विचारत, जळेल किती? राख किती?
ती सांगायची तेही, दशांशापर्यंत.
पण वहीत आधी लिहायची, हे होतं काय:
साल, पान, राळ.

मला एकदा दाखवलं तिने. मला राखाडी दिसलं.
"नीट बघ, मेल्या. बीजाणू आहे तो.
सत्तावीस कोटी वर्षं
रुजायचा राहिलाय."

वरवड्याला परतली ती दोन ट्रंका घेऊन.
गावाने नाव ठेवलं, कोळसेवाली.
जयगडकडे जाणारं जहाज दिसलं
की पोरं ओरडत, "आत्ये, तुझा माल इलो!"
ती डोळ्यांवर हात धरून बघे.
"लांबून सगळे सारखेच काळे," म्हणे,
आणि आत जाऊन आमटीला फोडणी देई. गॅसवर.

तिसऱ्या दिवशी सावडून आलो
आणि घाटीवरून खाली जायच्या आधी
तांडेलाच्या दुकानात तागडीवर मडकं ठेवलं.
भटजी बघत राहिले. तांडेल काही बोलला नाही,
दुसऱ्या पारड्यात तसंच रिकामं मडकं ठेवलंन.
एक किलो सातशे.
शेवटी ती अडतीस किलोची होती.
साडेचार टक्के, आत्ये.
एवढा चांगला कोळसा
तुझ्या टेबलावर कधी आला होता का?

ट्रंकेत सगळ्यात खाली तो ढलपा निघाला.
सुकून तडकलेला, वलयं अजून मोजता येतील असा.
चिठ्ठीवर तिचं बारीक अक्षर:
ठिकाण, आमची विहीर. खोली, अठ्ठावीस हात.
झाड,
आणि पुढे कोरं.

दोनदा पेन काढलं मी.