बाकी तीन

माझ्याकडे दोनशे अठरा मुलं आहेत.
म्हणजे पडद्यावर. प्रत्येक नावापुढे एक आडवी पट्टी,
झालं तेवढं हिरवं,
उरलं ते राखाडी.
खिडकीबाहेरचं सुपीरियर सरोवरही ऑक्टोबरपासून राखाडीच,
पण त्याची टक्केवारी कोणी मागत नाही.

एकोणीस वर्षं हेच करते मी, आयलीन केट्टुनेन:
कोण कुठल्या मेजरला निघालंय
आणि वाटेत कुठे बसकण मारलीय, ते बघायचं.
नर्सिंगवाल्यांचं घोडं शरीररचनेत अडतं,
इंजिनियरिंगवाल्यांचं दुसऱ्या कॅल्क्युलसला.
वनशास्त्राची पोरं डोळे मिटून सालीवरून झाड ओळखतात
आणि निबंधलेखन तीनदा सोडतात.
चौथ्या आठवड्यात सिस्टिम लाल खुणा पाठवते.
मी फोन लावते.
उचलतात ते म्हणतात, सगळं ठीक आहे.
'सगळं ठीक आहे'चे किती सूर असतात
हे मला कुणी शिकवलं नाही, तरी येतं.

रीस ट्रेंबाथ. भूशास्त्र.
आजोबा खाणीत, बाप खाणीत,
याला खडक उजेडात बघायचे होते.
एकशे वीसपैकी एकशे सतरा क्रेडिट,
बाकी तीन: संख्याशास्त्र.
उन्हाळ्यात उरकून टाक, मी म्हणाले.
हो, म्हणाला.
आणि आला नाही.

का, ते फाइलीत नाही.
फाइलीत 'का'ला रकानाच नाही,
एक 'शेरा' आहे, दोनशे अक्षरांचा.
मी लिहिलं: संपर्क नाही.
उरलेली जागा तशीच पडून आहे.

नियमाने त्याचं नाव केव्हाच यादीतून जायला हवं होतं.
दर जानेवारीत मी एका चौकटीत टिचकी मारते,
'परतण्याची शक्यता',
की तो आणखी एक वर्ष राहतो.
एवढाच माझा गैरव्यवहार.

पण रीस जागचा न हलता मागे सरकतोय.
विभागाने अभ्यासक्रम बदलला, दोन जुने पेपर बाद झाले,
संगणकी नकाशांची नवी प्रयोगशाळा आली.
सत्त्याण्णवचे चौऱ्याण्णव.
मग जुन्या नियमांची मुदतही संपली,
चौऱ्याण्णवचे एक्याण्णव.
सरोवरावर मासे धरत बसलेल्या माणसाला
खालचा बर्फ किनाऱ्यापासून सुटलाय हे कळू नये,
तसं काहीसं.

गेल्या मंगळवारी संध्याकाळी पार्किंगमध्ये माझी गाडी रुतली.
बर्फ ढकलणारा ट्रक आला, भोवतालचं सगळं साफ केलं,
काच खाली झाली. दाढी.
मी नाही ओळखलं. त्याने ओळखलं.
पातं दगडाला घासलं की कळतं, म्हणाला,
खाली बेसॉल्ट आहे की वाळूखडक.
मग इंजिन चालू ठेवूनच:
"मिस केट्टुनेन, ते स्टॅटिस्टिक्स अजून लागतं का हो?"

खरं तर सांगायला हवं होतं:
तीन नाही रे, आता अकरा.
"लागतं," मी म्हणाले, "सोमवारी ये. बघू."
हसला. हो नाही, नाही नाही.
ट्रक गेला. दोन्हीकडे ढिगारे, मध्ये रस्ता,
तासाभरात पुन्हा भरून जाणारा.

आज सोमवार.
सकाळपासून कागदावर मांडून बघतेय
कुठला बाद पेपर कशाच्या बदली चालवता येईल,
डीनबाई कुठे मान हलवतील, कुठे चष्मा काढतील.
सातपर्यंत आणलंय. पुढे हात चालत नाही.
साडेअकरा.
दार उघडंच ठेवलंय, पाय गारठलेत.
शेऱ्याच्या रकान्यात एक ओळ वाढवली:
आवाजावरून खडक ओळखतो.
सिस्टिम विचारते: क्रेडिट किती?

बाहेर कुठेतरी पातं घासत चाललंय.
मी कान देऊन ऐकते.
मला त्यातला फरक कळत नाही.