सोड्यावरची बशी

दर पेल्यामागं एक बशी.
मागायची नसते, निवडायची नसते.
होडीनं सकाळी जे दिलं
तेच संध्याकाळी पेल्याच्या डोक्यावर
झाकण होऊन जातं,
उराकाच्या वासाला चिलटं येतात म्हणून.
हा रिवाज माझ्या सासूचा.
वेंगुर्ल्यात, बंदराच्या रस्त्याला, आणखी तीन बार आहेत.
तिथं शेंगदाणे देतात. पुडीतले.

मी मागं असते, चुलीपाशी.
बाहेरची माणसं मला दिसत नाहीत,
त्यांच्या बश्या तेवढ्या परत येतात.

कुबल पेडव्याचा काटा अख्खा काढून ठेवतो,
कंगव्यासारखा, जणू कुणी केस विंचरणार आहे.
मोरजे मास्तर लिंबाची फोड पिळत नाहीत,
चोखतात. सालीवर दात उठलेले.
धाकू किसमूर संपवून बोट असं फिरवतो
की ती बशी विसळताना
मलाच चोरी केल्यासारखं वाटतं.

बिल इनास बश्या मोजून करतो,
म्हणून एखादी बाकाखाली सापडते,
मांजरानं चाटलेली.
कुणी सरकवली ते काट्यांवरून कळतं.
मी बोलत नाही.

आणि बुधाजी तांडेल.
तिसऱ्यांची कवचं एकात एक बसवलेली,
पावसाळ्याआधी होड्या वर ओढून ठेवाव्यात तशी.
नारळी पुनवेपासून ती बशी आली नव्हती.

आज बाबी दारात घुटमळला.
"बुधाजी इलोहा. डाक्टरान बंद केल्यान त्येका.
लिंबूसोडा घेता. सोड्यार बशी देवची काय?"
गल्ल्यावरून इनास ओरडला,
"सोड्यार कसली बशी?
उद्या पाण्यारय मागतीत!"

सासूनं याचं काही सांगून ठेवलेलं नाही.
तिच्या वेळी सोडा प्यायला
इथं कोण येणार होतं?

तव्यात तिसऱ्या एकेक तोंड उघडत होत्या.
मी म्हटलं, झाकण ते झाकण.
चिलटं काही आत काय आहे
ते विचारून बसत नाहीत.
खोबरं जरा जास्तच पडलं हातून.
इनासनं ती मोजली की नाही,
मी विचारलं नाही.

रात्री बशी आली.
सात कवचं, एकात एक.
आठवं बाजूला, उताणं,
आणि त्यात
लिंबाची एक बी.